एकाच इंजेक्शनवरचे दोघे भाऊ

कोपरी, ठाणे (पूर्व)
७ जानेवारी २०२४

प्रिय महेंद्रदादा,

जय भीम. झालं! काल सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे पुरुषी हार्मोनचं, पहिलं इंजेक्शन झालं. डाव्या ढुंगणावर. औषध तेलकट असतं, हळूहळू आत जातं. नर्स म्हणाली, पाय सैल सोड. मी सैल सोडायच्या ऐवजी हसत सुटलो. ती घाबरली, म्हणाली, चक्कर येतेय का?

सव्वीस वर्षं मी 'शालनची मुलगी' म्हणून वावरलो. मी मुलगा आहे हे मला सात वर्षांचा असल्यापासून माहीत होतं, तुला मी चौदाव्या वर्षी सांगितलं, आणि आता शरीराला कळवायला सुरुवात झाली. त्यासाठी सव्वा वर्ष मानसोपचारवाल्या बाईंकडे खेपा, त्यांचं सर्टिफिकेट, मग हार्मोनच्या डॉक्टर मृणाल, त्यांच्या रक्ततपासण्या. सही करताना त्यांनी एकेक ओळ वाचून दाखवली. पिंपल्स येतील, रक्त घट्ट होऊ शकतं, पुढे मूल होणं अवघड होऊ शकतं, टक्कल पडू शकतं. मी म्हटलं, मामांकडे सगळेच टकले आहेत, मी तयार आहे.

बाबा बरोबर आलेले. वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून रिटायर झाल्यापासून ते कुठेच येत नाहीत, पण आले. बाहेर बाकावर बसून राहिले. मी आलो तसं विचारलं, "दुखलं का रे?" दादा, 'रे'! आयुष्यात पहिल्यांदा. मग लगेच खोकले आणि चहा पिऊया म्हणाले. आई मात्र अजून माझ्याशी डब्यापुरतंच बोलते. आज बाबांनी तिला सांगितलं, झालं इंजेक्शन. ती भाकरी थापत राहिली.

डॉक्टर म्हणाल्या, काय काय बदलतंय ते लिहून ठेव. वहीत लिहायला बसलो तर स्वतःशीच बडबडल्यासारखं वाटतं. म्हणून तुला लिहितोय, कल्याणच्या जिमच्या पत्त्यावर, कारण तुझ्या डोंबिवलीच्या घरी आलेलं प्रत्येक पाकीट मामी, म्हणजे तुझी आई, उघडते. तूही पत्रानेच लिही. आणि सांग, व्यायाम कुठून सुरू करू?

तुझा
प्रेम


कल्याण (पश्चिम)
१५ जानेवारी

प्रेम,

जय भीम भाई! पत्र जिमच्या बाकावर बसून तीन वेळा वाचलं. तू काय वेडी वेडा झालास, नर्ससमोर हसतोस? ('वेडी' खोडलंय. सॉरी. हात सवयीने जातो. बोलताना पण होईल, तेव्हा डोक्यात टपली मार.) तुला आठवतं का, कागलला आजीकडे गेलो की तिथल्या सगळ्या पोरी 'मी आलो, मी जेवलो' बोलायच्या? तू पण बिनधास्त बोलायचास. इथे आल्यावर आत्याने तोंडावर फटका दिलेला. मला तेव्हाच वाटलेलं, ह्याला कायम कागललाच ठेवायला पाहिजे.

व्यायाम: पहिला महिना फक्त बैठका, दंड, पाठ. वजन नंतर.

आता माझी न्यूज. कोणाला बोलू नको. मी ह्या वर्षी बॉडीबिल्डिंगच्या जिल्हा श्री स्पर्धेला उतरतोय, सात एप्रिलला! आणि ऐक, तू जे घेतोस तेच मी पण घेतो. ऑगस्टपासून. आमचे संदेश सर, ज्यांची जिम आहे, ते स्वतः देतात. आठवड्याला दोन, आणि वर एक-दोन दुसऱ्या गोष्टी. भाई, काय सांगू! पाच महिन्यांत दंड दीड इंच वाढला. सकाळी चारला उठतो, रात्री अकरापर्यंत थकत नाही. आरशात बघितलं तर वाटतं हा कोण आलाय. रस्त्याने चाललो की लोक बाजूला होतात. दीप्तीला मी प्रोटीन सांगितलंय. तिला उगाच टेन्शन नको.

म्हणजे आपण दोघे आता एकाच इंजेक्शनवरचे भाऊ. सेम टू सेम!

महेंद्र


कोपरी
२५ फेब्रुवारी

प्रिय दादा,

आवाज फाटला! परवा वर्कशॉपमधून माल पुरवणाऱ्या एका पार्टीला फोन लावलेला, म्हणालो, "तुमच्या मालातले चौदा पीस रिजेक्ट आहेत," आणि 'रिजेक्ट' म्हणताना आवाज वर गेला, खाली आपटला, मध्येच गायब. तिकडचा माणूस म्हणाला, नेटवर्क नाहीये वाटतं. मी बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं नुसता 'रिजेक्ट, रिजेक्ट' म्हणत उभा. खाली एक जाड आवाज आहे, दादा. माझा. अजून सापडतो आणि हरवतो.

बाकी नोंद. कपाळावर आणि पाठीवर पिंपल्स. घामाचा वास वेगळा. भूक अशी की काल चार भाकऱ्या खाल्ल्या. आईने आज न मागता पाचवी वाढली. वरच्या ओठावरचा एक केस कामावर पार्ट मोजायच्या व्हर्नियरने मोजला, साडेतीन मिलिमीटर. तो आधीही असेल, पण मी मोजला नव्हता.

एक गोष्ट चांगली नाही. रेशनच्या रांगेत एक माणूस मध्ये घुसला. पूर्वी मी गप्प बसलो असतो. परवा मी त्याची कॉलर धरली. त्याचं तोंड बघून मलाच भीती वाटली. डॉक्टर मृणालना सांगितलं. त्यांनी रक्त तपासलं, डोस बरोबर होता. म्हणाल्या, "राग औषध आणत नाही असं नाही, पण हात तुझाच असतो. वाफ आली की तिथून आधी निघ, मग विचार कर." गंमत म्हणजे डोकं एकंदरीत शांत आहे. आयुष्यभर मागे एक पंखा खडखडत होता, तो कोणीतरी बंद केल्यासारखं.

आता मला सांग. तुझं रक्त कोण तपासतं? डॉक्टर कोण? मला तीन आठवड्यांतून एकदा मिळतं आणि दर खेपेला माझी तपासणी होते. तू आठवड्याला दोन घेतोस आणि वर आणखी काहीतरी. हे सेम टू सेम कसं?

प्रेम


कल्याण
८ मार्च

प्रेम,

'रिजेक्ट' वाचून बाकावरून पडलो! पोरांना पण सांगितलं, तुझं नाव न सांगता.

डॉक्टर-बिक्टर काही नाही रे. संदेश सरांचा वीस वर्षांचा अनुभव आहे. चार जिल्हा श्री त्यांनी घडवलेत. टेन्शन घेऊ नको. राग म्हणशील तर थोडा येतो. परवा मी शिकवतो त्या बॅचमधल्या रवींद्रने डंबेल जोरात टाकला, मी थोडं जास्त बोललो. स्पर्धा जवळ आली की सगळ्यांचंच होतं. झोप कमी झालीये, पण माझी एनर्जीच एवढी आहे! संदेश सर म्हणतात, पहिल्या पाचात मी नक्की. नक्की! तू येतोस ना बघायला?

घरी दीप्तीच्या तपासण्या चालू आहेत. लग्नाला दोन वर्षं झाली, आईने दिवस मोजून तिला भंडावून सोडलंय. होईल सगळं.

अजून एक. तू छाती सपाट दिसायला ती घट्ट बंडी घालतोस ना, तिला काय म्हणतात, कुठे मिळते? आमच्या जिममधल्या एका पोराला पाहिजे.

महेंद्र


कोपरी
१४ मार्च

प्रिय दादा,

त्या पोराला सांग, तो एकटा नाही! मला झोपच आली नाही पत्र वाचून. तुझ्या जिममध्ये माझ्यासारखा कोणीतरी आहे आणि त्याने नेमकं तुला विचारलं. केवढा विश्वास ठेवलाय त्याने तुझ्यावर. आपलं नाव काय सांगतो तो? घरी माहीत आहे का? माझा नंबर दे, कोपरीला येऊ दे, बाबा त्याला पण चहा पाजतील.

बंडीला बाइंडर म्हणतात. ऑनलाइन मिळतो. मापाचाच घ्यायचा, लहान नाही. आठ तासांच्या वर घालायचा नाही आणि व्यायाम करताना तर मुळीच नाही, बरगड्या दुखावतात. मी सुरुवातीला क्रेप बँडेज गुंडाळायचो, श्वास कोंडायचा. त्याला ते करू देऊ नको.

त्याला सांग, मजा येणार आहे. कालच एका रिक्षावाल्याने मला 'भाऊ, सुट्टे द्या' म्हटलं. मी त्याला वीस रुपये जास्त दिले.

प्रेम


कल्याण
२२ मार्च

प्रेम,

असा कोणी पोरगा नाही. मीच आहे तो.

हसू नको. डाव्या बाजूला बोंडामागे गाठ झालीये, चिंचोक्याएवढी. उजवीकडे पण सुरू झालंय. टी-शर्ट घासला तरी कळ येते. फुगून आलंय, बाईसारखं. स्टेजवर फक्त चड्डी घालून उभं राहायचं आहे सोळा दिवसांनी. संदेश सर म्हणाले, होतं असं, एक गोळी घे, बसेल. घेतोय.

पुढचं दीप्तीचं. तिची नळ्यांची तपासणी झाली मंगळवारी. आत औषध सोडून एक्स-रे काढतात. तिला खूप दुखलं. रिक्षाने येताना पोट धरून बसलेली. म्हणाली, "माझ्यात दोष निघाला तर तू दुसरं लग्न कर, मी आड येणार नाही." मी रिक्षावाल्यावर ओरडलो, स्पीडब्रेकर बघून चालव म्हणून.

डॉक्टरने माझी पण तपासणी सांगितलेली, पण माझी काय गरज, म्हणून मी टाळली.

हे पत्र फाडून टाक.

म.


कोपरी
२६ मार्च

दादा,

फाडलं नाही. खरं सांगतो, आधी मला हसू आलं. मी इथे छाती आवळून बसलोय आणि तुला तिथे नको असताना आलीये. मग तो रिक्षातला भाग वाचला. रडू येईल असं वाटलं, पण हल्ली डोळ्यांपर्यंत पाणी येतच नाही. 

काल मी डॉक्टर मृणालना नाव न घेता विचारलं. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. आपलं डोकं अंडकोषांना निरोप पाठवत असतं, बनवा म्हणून. बाहेरून इतका माल आला की डोकं म्हणतं, भरपूर आहे, आणि निरोप थांबवतं. मग तिथलं कामच बंद पडतं. स्वतःचा हार्मोन बंद आणि बीजही बंद. आकारही लहान होतो. वरचा जास्तीचा माल शरीर बायकांच्या हार्मोनमध्ये बदलतं. तुझी गाठ तीच.

मूल होणं अवघड होऊ शकतं, ही ओळ मला वाचून दाखवून माझी सही घेतली होती. मी सगळं माहीत असून हो म्हटलं. तुला कोणी वाचून दाखवली? संदेश सरांनी?

दोष वहिनीत नाही. मला वाटतं तुला हे माहीत आहे. तू तपासणी टाळली नाहीस. तू केलीस, आणि रिपोर्ट कुठेतरी लपवलायस. नुसती टाळली असतीस तर ती तुझ्या मनात टोचत राहिली नसती आणि तू मला लिहिलंच नसतंस. मी चुकत असेन तर माफ कर.

मी वहिनीला सांगणार नाही. ते तुझं काम आहे. पण ती पुढच्या कुठल्याही टेबलावर झोपायच्या आधी सांग. आणि औषध एकदम फेकूनही देऊ नको, शरीर आपटतं म्हणाल्या. त्यांनी तुला दहा तारखेची वेळ दिलीये. मी तुझ्याबरोबर बाकावर बसेन.

स्पर्धेला येतोय. शिट्ट्या वाजवायला. आता वाजतात.

प्रेम


डोंबिवली (पूर्व)
९ एप्रिल

प्रेम,

तू लिहिलेलं सगळं खरं होतं. रिपोर्ट फेब्रुवारीत काढलेला. जिमच्या लॉकरमध्ये, पट्ट्याखाली ठेवलेला. शून्य. एकही नाही.

स्पर्धेचं तुला माहीतच आहे, तरी लिहितो, कारण तू ते खालून बघितलंस. वरून वेगळं असतं. मी तीन दिवस पाणी जवळजवळ बंद केलेलं. अंगभर तपकिरी रंग. गाठीवर रंगाचा जाड थर मारलेला. लाइट पडले आणि प्रेम, मी सगळं विसरलो! पाठ दाखवली तेव्हा जो आवाज उठला ना! त्यात तुझी शिट्टी मला वेगळी ओळखू आली. तिसरा नंबर पुकारला तेव्हा मी आधी दोन्ही हात वर केले आणि मग पाण्याची बाटली मागितली. खाली दीप्ती उड्या मारत होती. आई मेडल हातात घेऊन सगळ्यांना दाखवत होती. आयुष्यात एवढा मोठा मी कधीच झालो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीप्ती मोरीत माझ्या पाठीचा रंग घासून काढत होती. साबण, घासणी, तपकिरी पाणी. ती गाणं गुणगुणत होती. म्हणाली, "आता बाळ झालं ना, की त्याला हे मेडल गळ्यात घालून फोटो काढायचा." मी पाठमोरा होतो म्हणून बोलता आलं. तोंड दिसत असतं तर नसतं जमलं. इंजेक्शनं सांगितली. रिपोर्ट सांगितला.

घासणी थांबली.

"रिपोर्ट कधीचा?"

"फेब्रुवारीचा."

"आणि माझी तपासणी?"

मी तांब्यात पाणी भरायला लागलो.

"मार्चची होती, महेंद्र. एकोणीस मार्च."

तिने हात धुतले. अर्धी पाठ तशीच राहिली. बॅग भरली आणि बदलापूरला माहेरी गेली. आईने विचारलं काय झालं, तर तिने सांगितलं, "तुमच्या मुलाला विचारा." मी आईला काही सांगितलं नाही.

उद्या दहाला कोपरीच्या पुलाखाली भेटू तेव्हा हे तुझ्या हातातच देतो, तोंडाने सांगायला जमणार नाही. पुढचं पत्र घरी डोंबिवलीला पाठव, पोस्टमनला मीच गाठतो.

महेंद्र


कोपरी
३० जून

प्रिय दादा,

अडीच महिने तुझं पत्र नाही. तीन वेळा आपण डॉक्टर मृणालकडे गेलो, तिन्ही वेळा तू माझ्या शेजारी दगडासारखा बसलास. त्या म्हणाल्याच होत्या, बाहेरचं कमी केलं की आतलं सुरू व्हायला वेळ लागतो. मधल्या काळात माणूस दोन्हीकडून रिकामा असतो. तो उदासपणा तुझा स्वभाव नाही, तो रिकामा टप्पा आहे. त्यांनी दिलेली औषधं तू घेतोयस ना? मनाचं खूपच बिघडलं तर लगेच फोन कर, डॉक्टरांना किंवा मला, कोणालाही. मला तर कधीही. पत्राचा नियम त्यावेळी मोडला.

मी मुद्दाम आनंदाच्या बातम्या पाठवतोय, चिडू नको.

पहिली. पाळी थांबली. एप्रिलपासून नाही. मी कॅलेंडरवरचा महिना बोटाने तपासला, दोनदा. दर महिन्याला चार दिवस मी माझ्या अंगातून पळून जायचा प्रयत्न करायचो. आता घरीच असतो.

दुसरी. आवाज बसला, म्हणजे जागेवर बसला. फोनवर लोक 'सर' म्हणतात आणि मी अजून प्रत्येक वेळी मागे वळून बघतो.

तिसरी. आईने माझ्यासाठी शर्ट आणला! तिने एकटीने दुकानात जाऊन, न विचारता. खांदे बरोबर. मी म्हटलं, माप कुठून घेतलंस? म्हणाली, "झोपला होतास तेव्हा वितीने मोजलं." आणि मग माझी कॉलर नीट करत म्हणाली, "माझ्या थोरल्या भावासारखा दिसायला लागलास. मला आधी वाटायचं, माझी मुलगी कोणीतरी नेली. आता रोज बघते तर सगळं तेच आहे, खाणं तेच, हट्ट तोच." दादा, मी चार महिन्यांत पहिल्यांदा रडलो. येतं रडू. दार फक्त जड झालंय.

चौथी तुझी आहे. वहिनीचा मला फोन आलेला. तिने विचारलं, "तो खरंच औषध सोडतोय, की परत काहीतरी लपवतोय?" मी म्हटलं, मी बाकावर शेजारी बसतो, मला दिसतं तेवढं खरं आहे, बाकीचं तूच येऊन बघ. ती म्हणाली, बघते.

लिही रे. दोन ओळी लिही.

प्रेम


डोंबिवली
१८ सप्टेंबर

प्रेम,

जय भीम. आज लिहितोय कारण आज लिहिण्यासारखं आहे.

ते चार महिने मी कसे काढले, मला माहीत नाही. पलंगावरून उठायचं म्हणजे शंभर किलो उचलायचं. अंग उतरलं. शर्ट लोंबायला लागले. रस्त्याने चाललो तर कोणी बाजूला होईना, एकाने धक्का मारून वर शिवी दिली. मी काहीच केलं नाही. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. इच्छा म्हणून कसलीच नाही, जेवणाची नाही, बायकोची नाही. संदेश सरांचा फोन आला, "अरे, इंजेक्शनांची एक छोटी सायकल मार, दोन आठवड्यांत परत शेर होशील." प्रेम, मी शर्ट घालून दारापर्यंत गेलेलो. चप्पल पण घातलेली. तेवढ्यात पोस्टमन तुझं जूनचं पत्र देऊन गेला. मी ते उभ्याउभ्या वाचलं आणि चप्पल काढली. तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं.

जुलैत दीप्ती आली. बॅग घेऊन नाही, हातात फक्त पर्स. दारातच म्हणाली, "दर वेळी डॉक्टरकडे मी आत बसणार. रिपोर्ट आधी माझ्या हातात येणार. आणि मला 'टेन्शन घेऊ नको' हे वाक्य परत ऐकायचं नाही." मी हो म्हटलं. बॅग महिन्याने आणली.

जिम सोडली. जायच्या आधी रवींद्रला भेटलो. मी तुला लिहिलेलं की त्याला थोडं जास्त बोललो. बोललो नव्हतो, कानाखाली मारलेली, सगळ्यांसमोर. त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "सर, मी पण घेतो ना, संदेश सरांकडून. मला पण हल्ली असंच होतं." त्याला डॉक्टर मृणालचा नंबर दिला. आता गावदेवीच्या मैदानावर मी सकाळची बॅच घेतो. चौदा जण आलेत, त्यात पाच बायका. पहिल्याच दिवशी सांगतो, माझ्याकडे पावडर नाही, सुई नाही, घाई नाही.

गाठ लहान झालीये, पूर्ण गेली नाही. राहिली तर छोटं ऑपरेशन. चालेल.

आणि आता मेन न्यूज! काल रिपोर्ट आला. दीप्तीने फोडला. वाचला, परत वाचला, मग मला म्हणाली, "बस." मी बसलो. म्हणाली, "शून्य नाहीये." थोडेच आहेत, डॉक्टर म्हणतात अजून वाट बघायची, खात्री कोणी देत नाही. पण प्रेम, शून्य नाहीये! मी लॅबच्या बाहेर एवढ्या जोरात ओरडलो की केमिस्टवाला बाहेर आला. बिनइंजेक्शनचा ओरडलो!

महेंद्र


डोंबिवली (पूर्व)
१२ जानेवारी २०२५

प्रिय प्रेमभाऊजी,

जय भीम. तुम्हा दोघांच्या पत्रांमध्ये मी कधी पडले नाही. तुमची मी वाचलीत, सगळी, महेंद्रने स्वतः माझ्यापुढे ठेवली. आज मात्र मला लिहायचं आहे, कारण ही गोष्ट तो तुम्हाला सांगणार नाही. त्यात आपण काही केलं असं त्याला वाटतच नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर संचिताला मुलगा झाला. आज त्याचं नामकरण होतं. बुद्धवंदना झाली, नाव ठेवलं, पेढे वाटायला महेंद्र ताट घेऊन फिरत होता. मी सासूबाईंजवळ बसले होते. चाळीतल्या कलावतीकाकू, त्यांचा आवाज तुम्हाला माहीत आहे, त्या म्हणाल्या, "दीप्ती, आता तुझा नंबर लाव बाई. तीन वर्षं होत आली. कोणाला तरी दाखव." दहा-बारा बायका होत्या. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सासूबाईंनी खाली बघितलं. मला हे पाठ आहे, भाऊजी. मी हसायला लागते आणि विषय बदलते.

मी हसायला तोंड उघडलं, तेवढ्यात महेंद्र ताट घेऊन मध्येच थांबला. म्हणाला, "काकू, ती एकदम ठीक आहे. बंद मी पडलेलो."

कोणाला कळेना. कलावतीकाकू म्हणाल्या, "म्हणजे?"

"म्हणजे बॉडी बनवायला सुया मारून घेतल्या मी. मेडल मिळालं, बाकी सगळं बंद झालं. हिच्या तपासण्या उगाच झाल्या. मला माहीत असून झाल्या." त्याचे कान लाल झाले होते, पण आवाज हलला नाही. तो सासूबाईंकडे वळला. "आई, तुला हे मी आधीच सांगायला पाहिजे होतं. तिला परत कधी काही बोलू नको."

मध्येच बाळ कुरकुरलं. शेवटी कलावतीकाकूंनीच विचारलं, "मग आता रे?"

तर हा ताट पुढे करून म्हणतो, "आता चालू झालोय. पेढा घ्या."

भाऊजी, आधी संचिता हसली, मग सगळ्याच. मी हसता हसता रडायला लागले. सासूबाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी माझा पदर उगाच नीट केला आणि माझ्या हातात स्वतःचा पेढा ठेवला. त्यांना गोड किती आवडतं तुम्हाला माहीत आहे.

घरी आल्यावर मी त्याला म्हटलं, एवढ्या लोकांत सांगायची काय गरज होती? तो म्हणाला, "एवढ्या लोकांत तुला विचारलं होतं ना."

मूल होईल की नाही, मला माहीत नाही. नवीन रिपोर्ट बरा आहे, डॉक्टर खूश आहेत, पण त्या शब्द देत नाहीत आणि मीही मागत नाही. मी त्याला पूर्ण माफ केलंय असंही नाही. कधी कधी त्याची पाठ बघून राग येतो. पण आज मी चाळीच्या जिन्यावरून वर आले ना, तेव्हा पहिल्यांदाच मला मान खाली घालावीशी वाटली नाही.

रविवारी तुम्ही, आत्याबाई आणि मामंजी जेवायला या. मटण करतेय. महेंद्र म्हणतो, तुम्ही हल्ली पाच भाकऱ्या खाता. मी सात थापणार आहे.

तुमची
दीप्तीवहिनी